शेजारच्या सीटचा एअरबॅग सेन्सर : दिवा विझत नाही, बीप थांबत नाही

गोखले_रोड

जाणकारांनी प्रकाश टाकावा. गाडी २०२० ची हॅचबॅक, वरचं मॉडेल, सहा एअरबॅग, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली, ५८ हजार किमी झालेली. तक्रारी दोन.

मीटरमधला एअरबॅगचा दिवा मधूनच लागतो आणि मग गाडी बंद करून चालू केली तरी जात नाही. खड्ड्यात आपटली किंवा डावी सीट मागेपुढे केली की हमखास. दुसरं म्हणजे डाव्या सीटवर कोणी नसताना बेल्टचा बीप वाजत राहतो. रिकाम्या सीटचा बेल्ट लावून ठेवला की गप्प.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, सेन्सर मॅट गेली, फोमसकट कुशन बदला. एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, 'रेझिस्टन्स टाकून देतो, दिवा कायमचा बंद.' सीटवर विकणाऱ्यानेच बसवून दिलेलं नवंकोरं रेक्झिनचं कव्हर आहे. गाडी दादरला रस्त्यावर झाडाखाली उभी असते. कुठून सुरुवात करू?

पाना१४

मॅटची घाई करू नका. हे दोन वेगळे आजार आहेत, राहतात एकाच सीटखाली.

बीप आहे बेल्ट रिमाइंडरचा. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांत ड्रायव्हर आणि शेजारचा, दोघांसाठी तो सक्तीचा झाला. शेजारी कुणी बसलंय की नाही हे कळायला कुशनच्या फोमवर, कव्हरखाली एक पातळ मॅट असते. प्लॅस्टिकच्या दोन फिल्म, त्यावर चांदीच्या शाईचे पट्टे, मधे भोकं पाडलेला स्पेसर. वजन पडलं की वरचा पट्टा भोकातून खालच्याला टेकतो आणि सर्किटचा रेझिस्टन्स बदलतो. ती मॅट किलो मोजत नाही. कुणीतरी आहे किंवा नाही, एवढंच सांगते.

एअरबॅगचा दिवा वेगळ्या कारणाने लागतो. तुमच्या डाव्या सीटच्या पाठीत साइड एअरबॅग आहे आणि तिची वायर सीटखालच्या पिवळ्या कपलरमधून, म्हणजे वायर जोडणाऱ्या प्लगमधून जाते. एअरबॅगच्या इग्नायटरचा, म्हणजे पिशवी उडवणाऱ्या स्फोटक पुडीचा, रेझिस्टन्स साधारण २ ओम असतो. कंट्रोल युनिट तो सतत तपासत असतं. कपलरच्या पिनवर ओलाव्याने थर चढला आणि तिथे एकदोन ओम वाढले, की युनिटच्या दृष्टीने ते सर्किट भरवशाचं राहिलं नाही. दिवा लागला. सीट सरकवल्यावर दिवा लागतो, यावरून माझा संशय पहिला कपलरवर, दुसरा वायरच्या ताणावर.

आधी स्कॅन करून घ्या, म्हणजे गाडीने साठवलेले बिघाडाचे कोड वाचून घ्या. ब्लूटूथचा स्वस्त डोंगल बहुधा इंजिनचे पी कोडच वाचतो. एअरबॅगचे कोड बी ने सुरू होतात, त्यासाठी एअरबॅग मॉड्यूल उघडणारा स्कॅनर हवा. कोड लगेच उडवू देऊ नका. स्क्रीनचा फोटो काढा, 'चालू' आणि 'जुना' असं जे लिहिलेलं असेल त्याच्यासकट.

शेवटची_लोकल

एवढं कशाला राव. लॅमिंग्टन रोडला दोन ओमचा रेझिस्टर मिळतो, कपलरमध्ये खुपसला की दिवा गुल. अर्ध्या शहरात असंच चालतं.

ओमचा_नियम

चालतं, हे खरंच. त्याचा अर्थ काय होतो तेही ऐका. युनिटला २ ओम दिसले, एअरबॅग जागेवर आहे असं त्याने धरलं. धडक बसली की करंट रेझिस्टरला मिळणार, तो जळणार, आणि पिशवी सीटच्या पाठीत दुमडलेलीच राहणार. दिवा लागलेला असता तर निदान माहीत तरी असतं.

तोच रेझिस्टर तपासायला मात्र उत्तम, फक्त तपासायला. पद्धत खाली कुणी लिहिली नाही तर लिहितो.

गोखले_रोड, कोडच्या शेवटी दोन आकडी शेपूट असेल तर तेही टिपा. बऱ्याच कंपन्या एकच कोष्टक वापरतात. ११ म्हणजे अर्थला शॉर्ट, १२ म्हणजे बॅटरीच्या पॉझिटिव्हला शॉर्ट, १३ म्हणजे सर्किट तुटलेलं, १ए म्हणजे रेझिस्टन्स मर्यादेपेक्षा कमी, १बी म्हणजे जास्त. १बी आला तर बहुधा गंजलेली किंवा सैल पिन. १३ आला तर कपलर निसटलाय किंवा वायर तुटलीय. ११ आणि १२ ला वायर कुठे घासली ते शोधायचं, सहसा सीटच्या रुळाच्या धारेवर.

कळवा_कारशेड

यूट्यूबवर बघून कामाला लागणार असाल तर एक सूचना. तिथले बरेच व्हिडिओ अमेरिकन गाड्यांचे असतात. तिकडे २००४ ते २००६ च्या दरम्यान नियम टप्प्याटप्प्याने लागू झाला की पुढच्या सीटवर मूल आहे की मोठा माणूस हे गाडीने ओळखावं आणि त्याप्रमाणे समोरची एअरबॅग बंद किंवा चालू ठेवावी. त्यामुळे तिकडच्या सीटखाली जेलची पिशवी आणि तिला प्रेशर सेन्सर, नाहीतर सीटच्या चार कोपऱ्यांत वजन मोजणारे स्ट्रेन गेज. हे काढून बसवलं की शून्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. टोयोटाच्या तशा सीटवर ३० किलोचं वजन ठेवतात आणि स्कॅनरवर २७ ते ३३ च्या मधे आकडा यावा लागतो. सीटचे बोल्ट कमीजास्त आवळले तरी आकडा बिघडतो.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये यातलं काही नाही. काही गाड्यांत समोरची पॅसेंजर एअरबॅग बंद करायला किल्लीने फिरवायचा स्विच असतो, बास. महागड्या जर्मन गाड्यांत मात्र ओळखणारी मॅट असते आणि तिथे सगळं गणित वेगळं.

गोखले_रोड

स्कॅन केलं. दोन नोंदी. 'साइड एअरबॅग, फ्रंट पॅसेंजर, रेझिस्टन्स टू हाय', शेपूट १बी, चालू. दुसरी तीच, पण जुनी. मॅटबद्दल किंवा बेल्टबद्दल एअरबॅग मॉड्यूलमध्ये काहीच नाही.

पाना१४

म्हणजे सर्व्हिस सेंटर सांगतंय ती मॅट बदलली असती तरी दिवा तसाच राहिला असता.

आता कपलर. घाई नको, क्रम मोडू नका.

इग्निशन बंद करा, किल्ली खिशात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि ती पोलला पुन्हा टेकणार नाही अशी बाजूला बांधा. मग थांबा. युनिटमध्ये कपॅसिटर असतो, बॅटरी काढल्यावरही काही वेळ एअरबॅग उडवायला पुरेल एवढा चार्ज त्यात असतो. कुणी ९० सेकंद सांगतं, कुणी ३ मिनिटं. मॅन्युअलमध्ये असेल ते पाळा, नसेल तर ५ मिनिटं चहा घ्या. तार काढायच्या *आधी* सीट पाहिजे तिथे सरकवून ठेवा. पॉवर सीट असेल तर हे विसरलात की अडकलात.

कपलरला हात लावायच्या आधी दरवाज्याच्या उघड्या धातूला हात टेकवा. स्टॅटिक जातं. पिवळ्या कपलरच्या आत शॉर्टिंग बार असतो, कपलर सुटला की तो दोन्ही पिना आपोआप जोडतो, जेणेकरून चुकार करंटने पिशवी उडू नये. म्हणूनच त्या कपलरमध्ये टाचणी, स्क्रू ड्रायव्हर घालून खेळायचं नाही.

सीट काढायची गरज पडेलच असं नाही. आधी पूर्ण मागे घेऊन पुढून टॉर्च मारून पाहा, मग पूर्ण पुढे घेऊन मागून. हात पोचत नसेल तर काढा. चार बोल्ट. पुढचे दोन सीट मागे असताना, मागचे दोन सीट पुढे असताना. जपानी आणि कोरियन गाड्यांना बहुधा १४ ची गोटी लागते, जर्मन गाड्यांना टॉर्क्स किंवा बारा टोकांचा बिट. बोल्टवरचं प्लॅस्टिकचं टोपण नखाने निघत नसेल तर चपट्या स्क्रू ड्रायव्हरला कापड गुंडाळा. सीट मागच्या बाजूला कलती करा, सगळे कपलर सोडवल्याशिवाय उचलू नका. कपलर मोजा आणि फोटो काढा. तुमच्या गाडीत साधारण तीन सापडतील : साइड एअरबॅगचा पिवळा, बकलचा आणि मॅटचा दोन पिनांचा. काही गाड्यांत सगळे एका मोठ्या चौकटीत एकत्र असतात.

पिवळ्याला दुहेरी कुलूप असतं. आधी छोटी रंगीत पट्टी मागे ओढायची, मगच खटका दाबून सोडवायचा. ओढून तोडलेली पट्टी ही सेकंडहँड गाड्यांत फार दिसणारी गोष्ट आहे. पट्टी तुटलेला कपलर बसल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात अर्धा बाहेर असतो.

शेवटची_लोकल

मल्टिमीटरने पिशवीचे ओम मोजले तर?

पाना१४

नाही मोजायचे. मीटर ओमवर असताना स्वतःचा करंट सोडतो. थोडाच असतो, पण समोर स्फोटक आहे. इग्नायटरच्या पिनांना मीटर लावायचा नाही, हा नियम. धडकेत बेल्ट आवळून धरणाऱ्या प्रीटेन्शनरलाही तोच नियम, त्यातही बारूद आहे.

ओमचा_नियम

त्यासाठीच तो रेझिस्टर. २.२ ओमचा चालतो. बॅटरी काढलेली असताना पिवळा कपलर सोडवा, *गाडीकडच्या* अर्ध्यात, वायरिंगच्या बाजूला, बरोबर त्या जाडीच्या टर्मिनलने रेझिस्टर लावा. पाय वाकवून तसाच खुपसलात तर आतली स्प्रिंग पसरते आणि नवीन दोष तयार होतो. मीटरचे जाड प्रोबही याच कारणासाठी मादी पिनेत घालू नयेत.

मग गाडीत कुणी बसलेलं नसताना बॅटरी जोडा. इग्निशन ऑन करायला दारातून हात घाला. कोड उडवा आणि पाहा. कोड परत आला नाही तर गाडीकडची वायरिंग ठीक, दोष सीटच्या बाजूला : पिन, सीटमधली वायर किंवा खुद्द पिशवी. रेझिस्टर लावूनही १बी परत आला, तर कपलरपासून युनिटपर्यंतची वायर. तपास झाला की पुन्हा बॅटरी काढून रेझिस्टर बाहेर. तो लावून गाडी गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नेऊ नका.

आता मॅट. ती स्फोटक नाही, तिला मीटर लावायला हरकत नाही, फक्त कपलर तिचाच आहे याची खात्री करा. मीटर २००० ओमवर. रिकाम्या सीटचं वाचन घ्या. मग कुणाला तरी बसवा, वाचन एकदम बदललं पाहिजे. उठवलं की लगेच मूळ जागी आलं पाहिजे. किती ओम, हे कंपनीगणिक वेगळं. फोक्सवॅगन गटाच्या जुन्या गाड्यांत रिकाम्या सीटला साधारण ४३० ते ४८०, माणूस बसला की १२० किंवा कमी, आणि ४८० च्या वर गेलं तर सर्किट तुटलं असं धरतात. काही मॅट रिकाम्या असताना पूर्ण ओपन दाखवतात. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीचा आकडा स्वतःच्या गाडीला लावू नका. बदल होतो का आणि परत येतो का, हे पाहा.

रिकाम्या सीटला 'बसलेलं' वाचन येत असेल तर मॅट दाबली गेलीय किंवा पट्टे एकमेकांना चिकटलेत. कधीच बदल होत नसेल आणि बीप कधीच वाजत नसेल तर मॅटची शेपटी, म्हणजे मॅटपासून कपलरकडे जाणारी पट्टी तुटली.

सीटकव्हर_शिलाई

बीपचं उत्तर त्या नव्या रेक्झिनमध्ये आहे, पैजेवर सांगतो.

घट्ट कव्हर दोन प्रकारे बसवतात. वरून चढवतात आणि खालून दोरी-हूक ताणतात, किंवा मूळ कापड काढून त्या जागी नवीन शिवून हॉग रिंग, म्हणजे पकडीने दाबायच्या तारेच्या कड्या मारतात. पहिल्यात ताण जास्त झाला की कुशनचा मधला भाग कायम दाबलेला राहतो. मॅटला वाटतं पातळसं कुणीतरी बसलंय. पाच मिनिटांत पारख होते : खालचे हूक सोडवा, कव्हर सैल करा, इग्निशन ऑन करून गाडी थोडी चालवा. बीप गेला तर मॅट शाबूत आहे.

दुसऱ्या प्रकारात भीती वेगळी. मधल्या खोबणीत कापड फोममध्ये ओढून धरणारी तार असते, तिला रिंगा मारतात. मॅट त्या खोबणीच्या अगदी शेजारून जाते, काही मॅटना तिथे मुद्दाम खाच कापलेली असते. कारागिराने मॅट दोन बोटं सरकवून बसवली तर रिंग फिल्ममधून आरपार जाते. वरची आणि खालची चांदी कायमची जोडली जाते. मग कव्हर सैल करून काही उपयोग नाही. अजून एक उद्योग चालतो : सीट बसकी वाटू नये म्हणून मॅटच्या *वर* अर्धा इंच नवीन फोम. त्याने उलटं होतं, हलका माणूस बसला तर गाडीला कळतच नाही.

आणि साइड एअरबॅग. तुमच्या सीटच्या पाठीला दाराकडच्या कडेला एअरबॅग लिहिलेलं लेबल असेल. पिशवी तिथली शिवण फाडून बाहेर येते. सर्वसाधारण रेक्झिन त्या कडेवरून दुहेरी शिलाईने गेलं असेल तर पिशवीला वाट नाही. साइड एअरबॅगसाठी बनवलेल्या कव्हरला त्या बाजूला कमकुवत दोऱ्याची शिवण किंवा मोकळा कप्पा ठेवतात. तुमच्या कव्हरला तो नसेल तर बीप असो-नसो, ते कव्हर उतरवा.

गोखले_रोड

कव्हरला कप्पा वगैरे काही नाही, लेबल पूर्ण झाकलेलं होतं. हूक सोडवल्यावर बीप बंद. रिकाम्या सीटचं वाचन आता स्थिर येतंय, बसल्यावर बदलतंय.

पिवळा कपलर सोडवला. पिनांवर हिरवट-पांढरी पूड. कपलरखालचं कार्पेट हाताला गार लागतंय. रेझिस्टर लावल्यावर कोड परत आला नाही.

कळवा_कारशेड

पिन पुसून बसवू नका अजून. पाणी कुठून आलं ते आधी, नाहीतर पुढच्या जुलैत हाच धागा वर येईल.

आपल्याकडच्या गाड्यांत एसीचा कूलिंग कॉइल डाव्या डॅशबोर्डमागे, हातकप्प्याच्या पाठीशी असतो. त्याचं पाणी रबराच्या नळीतून फायरवॉलच्या बाहेर गाडीखाली पडतं. नळी धूळ-चिखलाने चोंदली की पाणी आत कंडक्टर साइडच्या, म्हणजे डाव्या सीटच्या पायाशी उतरतं आणि कार्पेटखालच्या नमद्यात मुरतं. वरून कार्पेट कोरडं वाटतं, नमदा आठवडेच्या आठवडे ओला. तोच ओलावा सीटखालच्या कपलरपर्यंत चढतो.

पारख अशी. गाडी कोरड्या जागी उभी करून एसी फुलवर १५ मिनिटं चालवा. मुंबईच्या पावसाळी हवेत डाव्या चाकामागे खाली पाण्याचं थारोळं झालंच पाहिजे. खाली कोरडं असेल तर पाणी आत जातंय. नळीचं तोंड खालून सापडतं. नायलॉनची जाड मासेमारीची दोरी किंवा मऊ केबल हलक्या हाताने वर घाला. कंप्रेसरची हवा मारलीत तर अगदी मंद, नाहीतर नळी आत निसटते आणि मग डॅशबोर्ड उघडण्याची वेळ. तार वापरू नका, कॉइलला भोक पडलं तर गॅस गेला.

एसी बंद असताना फक्त पावसात पाणी येत असेल तर वाट वेगळी. तुम्ही झाडाखाली उभी करता म्हणताय. वायपरखालच्या जाळीच्या कप्प्यात पानं साचतात, त्याची दोन्ही टोकांची भोकं बंद होतात, पाणी तुंबून ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. जाळी काढून पानं उपसा, मग मगभर पाणी ओतून दोन्ही बाजूंनी चाकामागे उतरतंय का पाहा. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं याबाबतीत सगळ्यात वाईट, चाळणीतून जाऊन खाली गाळ होतात.

तिसरी जागा दरवाजा. आतल्या पॅनेलमागे प्लॅस्टिकची शीट काळ्या चिकट गोंदाने लावलेली असते. स्पीकर बदलणारा ती फाडतो आणि परत लावत नाही. काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी मग दाराच्या तळातून बाहेर जायच्याऐवजी उंबऱ्यावरून कार्पेटमध्ये.

पाणी चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट. हीटरचा कॉइल गळतोय.

पाना१४

यात एक भर. डावीकडचं कार्पेट ओलं म्हटलं की उंबऱ्याची पट्टी काढून नमद्यात मूठ दाबून पाहा. मधल्या बोगद्यापर्यंत, म्हणजे दोन सीटमधल्या उंचवट्यापर्यंत ओलं असेल तर एअरबॅगचं कंट्रोल युनिट बघावंच लागेल. बऱ्याच गाड्यांत ते गिअरच्या पुढे, कन्सोलखाली, जमिनीलाच बोल्ट केलेलं असतं. त्याच्या प्लगमध्ये हिरवं दिसलं तर युनिट पुसून वापरायची वस्तू नाही, बदलायची. युनिटवर बाण असतो, तो गाडीच्या पुढच्या दिशेला आणि बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला. त्याच्या आत धडक मोजणारा सेन्सर आहे, सैल बसवलं तर तो चुकीचं मोजतो.

गाडी पुरात बुडालेली होती का, हेही कळून जाईल. डाव्या बेल्टची पट्टी शेवटपर्यंत ओढा. खालच्या दोन फुटांवर मातकट रेघ, सीटच्या रुळाच्या आतल्या स्प्रिंगवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, यातलं काही असेल तर प्रकरण एका कपलरपुरतं नाही.

गोखले_रोड

एसी १५ मिनिटं, खाली थेंब नाही. नळी मोकळी केल्यावर पाणी भळाभळा आलं. बेल्टवर रेघ नाही, स्टेपनीचा खड्डा स्वच्छ. नमदा सीटच्या पुढच्या पायापर्यंतच ओला, बोगदा कोरडा. आता कपलर.

पाना१४

मग सुटलात. बॅटरी काढलेलीच असू द्या.

इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या, लवकर उडून जाणारा. गंज सोडवायचं तेलकट स्प्रे नको, त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो. कपलरचे दोन्ही भाग तोंड खाली करून फवारा, म्हणजे मळ बाहेर वाहतो. मऊ नायलॉनचा ब्रश. पॉलिश पेपर अजिबात नको. एअरबॅगच्या पिनांवर बहुतेक वेळा सोन्याचा मुलामा असतो, तो खरवडला की खालचा धातू महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा हिरवा. अर्धा तास वाळू द्या.

मग भिंगाने बघा. पुसल्यावर पिन पिवळी, गुळगुळीत दिसली तर वापरा. खड्डे पडलेत, काळी झालीय किंवा मादी पिनेची पकड ढिली वाटतेय, तर टर्मिनल बदलायचं. तिथे सोल्डरिंग करू नका. वायर जिथे सोल्डर संपतो तिथे कडक होते आणि सीट सरकवून सरकवून तिथेच तुटते. बऱ्याच कंपन्या एअरबॅगच्या वायरला जोड द्यायलाच मनाई करतात, त्याऐवजी कपलरसकट वायरचा तयार तुकडा मिळतो. चेसिस नंबर देऊन तो मागवा. दोन्ही वायर एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, तो पीळ बसवताना मोकळा सोडू नका, बाहेरचे सिग्नल त्यामुळेच आत शिरत नाहीत.

बसवताना खटका ऐकू आला पाहिजे, मग कुलपाची पट्टी पुढे. नंतर सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे नेऊन पाहा : वायर कुठेही ताणली जाता कामा नये, रुळात जाता कामा नये. मूळ क्लिप तुटली असेल तर केबल टाय चालेल, पण कपलरपासून चार बोटं लांब, आणि टायचं कापलेलं टोक वायरकडे नको.

बोल्ट हाताने सुरू करा, चारही लागले की मगच आवळा. टॉर्क गाडीप्रमाणे, टोयोटाच्या बऱ्याच सीटना ३७ न्यूटन मीटर. 'हात दुखेपर्यंत' हे माप नव्हे. धडकेत ही सीट तुम्हाला जागेवर धरते.

कार्पेट ओलं ठेवून सीट बसवू नका. पावसाळ्यात ऊन मिळायचं नाही, तर नमद्याखाली वर्तमानपत्रं घाला, बदलत राहा, आणि एसी चालू ठेवून तापमान गरमवर करून पायाकडे हवा सोडा. कोरडी आणि गरम हवा मिळते, नुसत्या हीटरपेक्षा लवकर सुकतं.

शेवटी बॅटरी जोडा, आत कुणी नको. इग्निशन ऑन. एअरबॅगचा दिवा लागून साधारण ६ सेकंदांनी विझला पाहिजे. तो विझत नसेल तर जुना कोड साठलेला आहे, स्कॅनरने उडवा. बॅटरी काढून ठेवली म्हणून एअरबॅगचे कोड जात नाहीत.

ताजा_सातबारा

सेकंडहँड घेताना हा ६ सेकंदांचा प्रकार बघायचा असतो, एवढं माहीत होतं. पण दिवा लागून विझला म्हणजे सगळं ठीक ना?

ओमचा_नियम

नाही. दिवा कुठल्या दिव्याबरोबर विझतो ते पाहा. एअरबॅगच्या दिव्याची तार ऑइलच्या किंवा चार्जिंगच्या दिव्याला जोडून ठेवतात, मग तो इंजिन सुरू होताच त्यांच्याबरोबर त्याच क्षणी विझतो. खरा दिवा इंजिनशी बांधलेला नसतो. इंजिन सुरू न करता नुसतं इग्निशन ऑन ठेवा. स्वतःच्या वेळेने एकटा विझला तर खरा. लागलाच नाही तर एलईडी काढलाय किंवा टेप लावलीय. आणि हे सगळं नीट असूनही आत रेझिस्टर असू शकतो, ते स्कॅनरलाही दिसत नाही. सीटखालचा पिवळा कपलर आणि हातकप्प्यामागचा समोरच्या पिशवीचा कपलर डोळ्यांनी बघायचा, दुसरा उपाय नाही.

मुलुंडची_माई

बीप बंद करायला बकलमध्ये घालायची ती पत्र्याची क्लिप कुणी सुचवण्याआधीच सांगते. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना ती विकायला मनाई केली. रस्त्यावर अजून मिळते. शेजारी वीस लिटरचा पाण्याचा जार किंवा लॅपटॉपची बॅग ठेवल्याने बीप वाजत असेल तर सामानालाच बेल्ट लावा, उलट ते ब्रेकला पुढे उडणार नाही.

बकलमध्येही एक स्विच असतो. शेंगदाण्याचं साल, चुरमुरा, एक रुपयाचं नाणं, काहीही आत गेलं की बेल्ट लावूनही बीप वाजतो. रिकाम्या सीटला वाजणारा बीप आणि बेल्ट लावून वाजणारा बीप, यात गल्लत करू नका. दुसरा असेल तर मॅटला हात लावायची गरज नाही. बकलला पिवळी वायर दिसली तर प्रीटेन्शनर तिथेच आहे, मग व्हॅक्यूमच्या पलीकडे काही करू नका, उघडू तर मुळीच नका.

आणि बाळाची मागे तोंड असलेली सीट पुढे ठेवणाऱ्यांनी नीट वाचा. आपल्या गाड्यांतली ही मॅट 'बाळ आहे' असं ओळखत नाही. समोरची पिशवी स्विचने बंद केली नसेल तर ती बाळाच्या सीटच्या पाठीवर फुटते. स्विच नसेल तर बाळाची जागा मागच्या सीटवर.

शेवटची_लोकल

बरं, रेझिस्टर मागे घेतो. पण मॅट खरंच फाटलेली निघाली असती तर? कुर्ल्याला सीएसटी रोडवर अख्खी सीट निम्म्याहून कमीत मिळते.

सीटकव्हर_शिलाई

मॅट तेवढी काढून बसवता येते का, तर बहुतेक वेळा नाही. ती फोमला गोंदाने चिकटलेली असते, सोलून काढताना फिल्म दुमडते आणि दुमड पडली तिथे चांदीचा पट्टा तुटतो. नवीन मॅट सुटी मिळत असेल तर जुनी सोलायची, फोम साफ करायचा, खुणेवर खूण ठेवून नवी लावायची. शेपटी फोमच्या चिरेतून खाली घालताना तिला तीव्र कोन देऊ नका. सोल्डरची टीप फिल्मला लावली तर फिल्म वितळते. कंडक्टिव्ह पेंटने पट्टा जोडणारे आहेत, बसण्याउठण्यात तो किती टिकेल ते सांगायला नको.

पाना१४

जुनी सीट घ्यायचीच असेल तर पाठीला साइड एअरबॅग आहे का ते बघून घ्या. खालच्या मॉडेलची सीट दिसायला तीच, आत पिशवी नाही, बसवली की कोड. पिशवी असलेली जुनी सीट घेतली तर ती गाडी का भंगारात गेली हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. कुशन तेवढं जुनं, पाठ तुमचीच, हा मधला मार्ग आहे : चौकट एकच असेल तर कुशन आणि मॅट बदलून पिशवी तुमच्या गाडीची ठेवता येते. घेण्याआधी दुकानातच मॅटच्या दोन पिनांना मीटर लावा आणि त्याच्या पोऱ्याला वर बसवा.